पाहुणा तारा आधी की नंतर

आमचं लग्न भर दुपारी लागलं. सप्तपदी झाल्यावर भटजींनी मांडवाच्या कापडाकडे बोट करून सांगितलं, "अरुंधतीचं दर्शन घ्या." आम्ही दोघांनी कापड पाहिलं आणि हात जोडले. ह्यांनी हळूच विचारलं, "दिसली का?" मी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, हे माझं मलाच सांगता आलं नसतं.

पुढे रात्री कधीतरी बघू म्हणत राहिलो आणि ते राहूनच गेलं. आता तर शहरांवर रात्रीचा उजेड पाडणारे आरसे आकाशात सोडलेत. तेव्हापासून मिरजेत आमच्या गच्चीवरून चंद्र आणि एखादा ग्रह सोडला तर काहीच दिसत नाही. म्हणून ओजस जेव्हा म्हणाला, "आई, सांगलीच्या नव्या तारांगणात तुझी अरुंधती अगदी हाताशी येते म्हणे, चला सगळे," तेव्हा मी आढेवेढे घेतले नाहीत.

सगळे म्हणजे आम्ही पाचजण. मुलगा ओजस, सून सान्वी, त्यांची आठ वर्षांची रेवा, मी आणि हे. ह्यांचं नाव विद्याधर. पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाले, पण अजून रस्त्यातल्या कुठल्याही गळक्या नळापाशी थांबतात. ओजस आणि सान्वी पुण्याला असतात. दोघांना ओमानच्या समुद्रातल्या तरंगत्या हायड्रोजन कारखान्यावर दीड वर्षाची नेमणूक मिळाली होती, आणि तिथे लहान मुलांना नेता येत नाही. तेवढे दिवस रेवा आमच्याकडे राहणार असं जवळजवळ ठरलं होतं. जवळजवळ अशासाठी, की सान्वीचं मन अजून हो-नाही करत होतं. तिची आई धारवाडला असते, तोही विचार चालू होता. देवापुढे बसल्यावर काही मागू नये, नुसतं नाव घ्यावं, असं मला शिकवलेलं आहे. पण त्या दिवसांत मी रोज मागत होते. रेवा माझ्याकडे राहू दे.

तारांगणात घुमटाखाली मागे कलणाऱ्या खुर्च्या होत्या आणि प्रत्येक खुर्चीला बारीक तारेनं बांधलेला एक चष्मा. निवेदन करणारी मुलगी रुखसार बागवान. दिवे मालवण्याआधी तिनं सगळं समजावून सांगितलं. माणसाच्या डोळ्याला एका वेळी फार थोडं स्पष्ट दिसतं, हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या नखाएवढं. बाकीचं धूसरच असतं. ते मेंदू आपल्या अंदाजानं भरून काढतो, आणि आपल्याला वाटतं की आपण सगळं पाहिलं. हा चष्मा तुमचं बुबुळ कुठे वळतंय ते सारखं बघतो आणि तुम्ही जिथे बघाल तेवढंच आकाश तुमच्यासाठी बारकाईनं रंगवतो.

"म्हणजे एका छताखाली प्रत्येकाचं आकाश वेगळं," ती म्हणाली. "तेव्हा शेजारच्याला काय दिसतंय ते विचारू नका. भांडणं होतात."

सगळे हसले. हे जरा जास्तच हसले.

आमच्या रांगेत डावीकडून ओजस, सान्वी, रेवा, मग मी आणि माझ्या उजव्या हाताला हे. खुर्च्या नावानं घेतलेल्या होत्या. ओजसनं घरून घेताना जे जे विचारलं त्याला 'हो' म्हटलं होतं. काय विचारलं होतं ते त्यानं वाचलं नव्हतं, आणि आम्ही तर नव्हतंच.

अंधार झाला. कृत्तिका, रोहिणी, मृग असं करत आकाश फिरत गेलं. मग सप्तर्षी वर येऊ लागले आणि मला आठवलं, की मी चुकीच्या बाजूला बसले आहे.

"अहो, उठा जरा."

"काय झालं? पाणी हवंय?"

"मला तुमच्या उजवीकडे बसू द्या. पूजेला बायको उजवीकडे बसते ना? आता दर्शन आहे."

"अगं, ते सत्यनारायणाला! इथे कोण बघतंय?"

"कुणी बघावं म्हणून बसतात का?"

मागून कुणीतरी शुकशुक केलं. हे पुटपुटत उठले, मी अंधारात त्यांच्या पुढून त्यांच्या खुर्चीत सरकले, ते माझ्या खुर्चीत बसले, आमच्या चष्म्यांच्या तारा एकमेकींत अडकल्या, आणि सान्वी दबक्या आवाजात म्हणाली, "आई-बाबांचं काय चाललंय?"

त्याच सुमाराला घुमटात एक पाहुणा तारा आला. दुसऱ्या कुठल्या सूर्याकडून आलेला आणि आपल्या सूर्याला वळसा घालून निघून जाणारा खडक, असं रुखसार सांगत होती. तो संथ सरकायचा, मग एकदम टुणकन उडी मारून भलतीकडे जायचा, पुन्हा संथ सरकायचा. मुलं खिदळत होती. रेवानं माझं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं.

आणि मग अरुंधती. वसिष्ठाच्या अगदी शेजारी, बारीक, पण स्वतःच्या उजेडानं नीट दिसणारी. मी हात जोडले. ह्यांनी या वेळी काही विचारलं नाही.

बाहेर कारंज्यापाशी आम्ही भडंग खात उभे होतो, तेव्हा माझ्या हातावरची पट्टी थरथरली. आजकाल पत्र, फोन, डॉक्टर सगळं त्या पट्टीतूनच बोलतं. मी माझा जवळचा चष्मा लावून वाचलं. आसन ड-बारावरील दर्शकाच्या नजरेच्या हालचालीत स्मृतिभ्रंशाच्या अगदी सुरुवातीला दिसणारी लक्षणं आढळली आहेत. हे निदान नव्हे. कृपया तज्ज्ञांना भेटावं. ही माहिती फक्त आपल्यालाच कळवली आहे.

ड-बारा माझी खुर्ची. मग आठवलं, की आम्ही जागा बदलल्या होत्या. शेवटी ड-बारावर हे बसले होते. मला हायसं वाटलं. हायसं कशाबद्दल वाटलं ते लक्षात आल्यावर मी भडंगाची पुडी सान्वीच्या हातात दिली आणि उगाच पदर सारखा करत राहिले.

माझा एक नेम आहे, खोटं न बोलण्याचा. एका चातुर्मासात धरला होता. त्याचं उद्यापन करायचं राहून गेलं, म्हणून तो अजून चालू आहे. त्या दिवशी सान्वीनं विचारलं, "आई, बरं वाटत नाहीये का?" मी म्हटलं, "ऊन लागलं." ऊन लागलंच होतं.

सुट्टी होती आणि सवय व्हावी म्हणून ओजस-सान्वी रेवाला आमच्याकडे ठेवून पुण्याला परतले. दोन आठवड्यांनी येऊन शेवटचं ठरवणार होते. कितीतरी दिवस मी याच सुट्टीची वाट पाहिली होती. आणि आता रेवा घरात असताना माझं सगळं लक्ष ह्यांच्यावर.

सकाळचा चहा हे करतात. मी आल्याची किसणी नेहमीच्या खिळ्यावरून काढून डब्यामागे ठेवली. ह्यांनी खिळा बघितला, ओटा बघितला, आणि आलं ठेचून घातलं. यावरून काय समजायचं? हुशारी, की किसणी होती हेच विसरले? मग मी रत्नागिरीतल्या जुन्या शेजाऱ्यांचा विषय काढला.

"ते आपल्या खालच्या मजल्यावर राहायचे, त्यांचं नाव काय हो?"

"सुर्वे."

"सुर्वे वरच्या मजल्यावर होते."

"वर जोग होते. तू आज एवढी चौकशी का करते आहेस?"

वर कोण आणि खाली कोण हे आता मलाच सांगता येईना.

हेही काही कमी विचित्र वागत नव्हते. जेवताना माझ्याकडे बघत राहायचे. "आज वार कोणता गं?" असं सहज विचारायचे, आणि वार तर ह्यांच्या पट्टीवर दिसत होता. एकदा म्हणाले, "गॅस बंद केलास?" एवढ्या वर्षांत त्यांनी मला हे कधी विचारलं नव्हतं. मी उठून बघून आले. बंद होता. बसले, तर पुन्हा वाटलं, खरंच बघितला का? पुन्हा उठले. माझ्याकडे बघणारे ह्यांचे डोळे मी पाहिले, आणि मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मी रोज सकाळी पोथीचा एक अध्याय वाचते आणि तिथे मोरपीस ठेवते. एके दिवशी वाचता वाचता एका ओवीपाशी थांबले. हे कालच वाचलंय. की परवा? पूर्ण अध्याय वाचून होत आला होता आणि ते माझ्या आत्ता लक्षात येत होतं. मी मोरपीस धरून तशीच बसून राहिले. किती वेळ बसले कोण जाणे.

खालून कुणाच्या तरी रडण्याचा आवाज आला. मी धावत खाली गेले. आमच्या फाटकाच्या पायरीवर रेवा बसली होती, पोहण्याची पिशवी मांडीवर, टोपी डोक्यात घट्ट चढवलेली.

"अगं, तू पोहायला गेली नाहीस?"

"गाडी आली, थांबली आणि गेली. मोठं माणूस सोबत असल्याशिवाय ते काका घेत नाहीत. मी किती हाका मारल्या! तू येईना आणि आबा पण येईनात."

मला वाटत होतं, हे खाली गेलेत. तिला घेऊन वर आले, तर हे स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. त्यांना वाटत होतं, मी जाईन. ते तिथून मघापासून माझ्याकडे बघत होते, पोथी वाचताना मला कळतंय का ते.

"मोरपीस तुम्ही हलवलंत?"

ते दारातून आत आले.

"माझ्या नेमात हात घातलात?"

"एकच अध्याय मागे ठेवलं गं. बघत होतो. तुला कळलं नाही, संजीवनी. सगळा अध्याय वाचलास आणि तुला कळलं नाही."

तेव्हा उलगडा झाला. कानातलं यंत्र घेतल्यापासून ह्यांना माझ्या पट्टीवरचे निरोपही ऐकू येतात. मी पट्टी कुठेही काढून ठेवते म्हणून ओजसनंच तशी सोय करून दिली होती, आणि मी ते विसरले होते. कारंज्यापाशी तो निरोप मी वाचत होते, तेव्हाच ह्यांच्या कानात तो कुणीतरी वाचून दाखवत होतं. दोघांनी भडंग खाल्लं होतं, दोघं गप्प राहिलो होतो. आणि नंतर ते माझी परीक्षा घेत होते, मी त्यांची.

"तुम्ही शेवटी बारावर बसलात ना? मग ते तुमच्याबद्दल असेल," मी म्हटलं. फार हळू म्हटलं, पण म्हटलं.

"आधी तू बसलीस," हे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी रेवाला शेजारच्या माईंकडे खेळायला पाठवून आम्ही तारांगणात गेलो. रुखसार तिकीट खिडकीमागच्या खोलीत डबा खात होती. आम्हाला बघून तिनं डबा झाकला, तर हे म्हणाले, "अहो, जेवा जेवा. आमचं काम कुठे पळून जात नाही." तरी तिनं हात धुतले.

सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "काकू, खुर्चीला माणूस ओळखता येत नाही. ओळखायची परवानगीच नाही आम्हाला. मुलं सारखी चष्मे काढतात-घालतात, म्हणून चष्मा काढला तरी आम्ही नोंद त्याच खुर्चीची धरतो. आणि खेळ संपला की नोंद पुसली जाते. निरोप तेवढा उरतो."

"पण आम्ही अर्धा-अर्धा वेळ बसलो. त्यातली कुणाची नजर धरली?"

तिनं पेन घेऊन टेबलावर सावकाश सरकवलं. "याच्याकडे बघा. हळू सरकणाऱ्या वस्तूमागे डोळा न अडखळता जातो. आता बघा." पेन झटकन दुसरीकडे नेलं. "उडी मारली की डोळाही उडी मारतो. मेंदूत आठवणींचं काम बिघडायला लागलं, की बाकी काही कळायच्या कितीतरी वर्षं आधी ही उडी बिघडते. डोळा उशिरा निघतो, किंवा वस्तू गेली तरी आधीच्याच जागी रेंगाळतो. माणसाला स्वतःला कळत नाही. चष्म्याला कळतं. म्हणून तर खेळात तो पाहुणा तारा घातलाय. मोजणी फक्त तेवढ्यापुरती. तेव्हा बारावर जे होतं, त्याचं ते."

म्हणजे प्रश्न एवढाच होता. पाहुणा तारा आला तेव्हा आम्ही जागा बदलल्या होत्या की नव्हत्या?

"नव्हत्या," मी म्हटलं. आणि त्याच क्षणी हे म्हणाले, "बदलल्या होत्या."

आम्ही एकमेकांकडे बघितलं.

"रेवानं माझं मनगट धरलं होतं," मी म्हटलं. "ती माझ्या डाव्या हाताला होती. म्हणजे मी बारावरच होते. तारा गेल्यावर मी उठले."

"तिनं माझा हात धरला होता. तू पलीकडे होतीस. आधी उठलीस, मग तारा आला."

"मला लख्ख आठवतंय."

"मलाही."

रुखसार एकदा ह्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. मग म्हणाली, "एक विचित्र गोष्ट लक्षात आली का तुमच्या? काकूंचं खरं असेल तर लक्षणं काकूंची. काकांचं खरं असेल तर काकांची. म्हणजे ज्याला आजार असेल त्याचीच आठवण बरोबर निघणार, आणि जो धडधाकट त्याची चुकीची."

मी ते मनात दोनदा घोळवलं. मग तिसऱ्यांदा. दर वेळी तसंच निघत होतं.

"दवाखान्यात दोघांची तपासणी करून घ्या," ती म्हणाली. "कळेल. फक्त एवढं, की तिथला निकाल सरकारी आरोग्यनोंदीत जातो. हा निरोप जात नाही."

परतताना रिक्षात हे म्हणाले, "मग तपासणी ओजस-सान्वी गेल्यावर करू. आई-बाप परदेशी असताना रेवाचं पालकत्व आपल्याला द्यायचं, तर सरकारी लोक ती नोंद बघतात. आत्ता नोंद स्वच्छ आहे दोघांची."

"आणि सांगायचं नाही?"

"कुणी विचारलंय? न बोलणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. तुझा नेम मोडत नाही."

त्यांनी माझ्यासाठीच ते शोधून काढलं होतं. मी रिक्षाबाहेर बघत राहिले.

घरी आल्यावर मी रेवाला जवळ घेऊन विचारलं, "बाळा, तो उड्या मारणारा तारा आला, तेव्हा तुझ्या शेजारी कोण होतं? मी की आबा?"

"मला काय माहीत? मी वर बघत होते."

"कुणाचा तरी हात धरला होतास ना?"

"धरला होता. बाजूला कोण बघतं तिथे, आजी?"

ओजस-सान्वी आले तेव्हा मी पुरणपोळ्या केल्या होत्या. सान्वीला माझ्या हातच्या आवडतात. जेवणं झाली, आणि कधी नव्हे ती सान्वी माझ्याजवळ येऊन बसली. तशी ती कामापुरतं बोलते, जिभेला जरा धार आहे, पण मनानं सरळ मुलगी. म्हणाली, "आई, मी ठरवलंय. रेवाला इथेच ठेवते. तिला तुमचा लळा आहे. एकच विचारते, रागावू नका. तुमची आणि बाबांची तब्येत ठीक आहे ना? काही लपवत नाही ना आमच्यापासून?"

हे पाणी पीत होते. त्यांनी पेला खाली ठेवला नाही.

मी रोज जे मागत होते ते माझ्यासमोर होतं. फक्त "ठीक आहे" म्हणायचं. मनात आलं, आम्ही दोघं जेवतो, चालतो, हिंडतो, ठीकच तर आहे. ऊन लागलं म्हणाले होते, तसंच. मग पायरीवर पोहायची टोपी घालून बसलेली रेवा दिसली.

"आमच्यापैकी एकाला विस्मरणाच्या आजाराची सुरुवात असावी," मी म्हटलं. "कुणाला, ते माहीत नाही."

ओजस हसला. "म्हणजे विसरलात?" मग त्यानं माझा चेहरा बघितला.

त्यानंतर जे झालं ते नीट सांगता येत नाही, कारण सगळे एकदम बोलत होते. ओजस स्वतःवर चिडला, मग तारांगणावर, मग आमच्यावर. "जागा बदलायचं काय नडलं होतं?" असं त्यानं कितीदा तरी विचारलं. हे म्हणत होते, "मी होतो बारावर, हिचं काही ऐकू नका." मी म्हणत होते, "नाही, मीच होते." शेवटी सान्वी म्हणाली, "बास. आजारासाठी भांडणारं जोडपं मी पहिल्यांदाच बघतेय. उद्या दोघांनी दवाखान्यात चलायचं."

निकाल लगेच आला. माझं सगळं व्यवस्थित होतं. आजार ह्यांना होता. अगदी सुरुवात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, औषधं आहेत, आजार थांबत नाही पण त्याची वाढ पुष्कळ मंदावते. लवकर कळलं हे भाग्य समजा.

ह्यांनी त्यांना नमस्कार केला. बाहेर बाकावर आम्ही दोघंच बसलो. मी म्हटलं, "तुमची आठवण बरोबर होती. मी आधी उठले होते."

"मला काहीच आठवत नव्हतं," हे म्हणाले.

"म्हणजे?"

"आधी की नंतर, काही आठवत नव्हतं गं. तू 'नव्हत्या' म्हणणार हे तुझ्या तोंडावर दिसलं, म्हणून मी 'होत्या' म्हटलं. तुझ्यावर नको, एवढंच."

मला तर अजूनही लख्ख आठवतं. रेवाची बोटं, माझं मनगट, तिच्या नखाला लागलेला भडंगाचा मसाला. आता भडंग तर आम्ही खेळ संपल्यावर खाल्लं. मग मसाला कुठून आला? माझा मेंदू निरोगी आहे, तसा कागद आहे माझ्याकडे. त्या निरोगी मेंदूनं हे कुठून भरून काढलं? आणि ह्यांनी काही न आठवता जे सांगितलं, ते खरं निघालं. ह्यांच्या त्या बोलण्याला खोटं म्हणायचं की खरं? मी पूर्वी कुणालाही सांगितलं असतं, खरं-खोटं काय कठीण आहे ओळखायला. आता सांगणार नाही.

संध्याकाळी सान्वीनं मला गच्चीवर गाठलं. मी वाळलेले कपडे काढत होते. तिनं दुसऱ्या टोकानं चादर धरली.

"आई, मी चौकशी केली. दोघांपैकी एकजण धडधाकट असेल आणि त्यानं जबाबदारी घेतली, तर पालकत्व मिळतं. बाबांना अजून बरीच वर्षं काही होणार नाही म्हणतात. दीड वर्षाचा तर प्रश्न आहे." तिनं चादरीची घडी माझ्याकडे आणली. "तुम्हाला दोन्ही जमेल? रेवा आणि बाबा?"

मला हो म्हणायचं होतं. देवाशपथ, ओठांवर आलं होतं. पण त्या दोन आठवड्यांत रेवानं काय काय खाल्लं, हे मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. ह्यांनी आल्याचं काय केलं ते मात्र दिवसवार सांगितलं असतं. त्यांना आजार आहे की नाही हे माहीत नसताना ही गत. आता तर माहीत होतं.

"नाही," मी म्हटलं. "नाही जमणार."

सान्वी चादर धरून उभी राहिली. मला वाटलं चिडेल. ती म्हणाली, "मला वाटलं होतं तुम्ही हो म्हणाल. मग मला नाही म्हणावं लागलं असतं, आणि ते माझ्याच्यानं झालं नसतं." आणि तिनं माझ्या खांद्यावर कपाळ टेकलं. तसं तिनं पूर्वी कधी केलं नव्हतं.

रेवाचं धारवाडला जायचं ठरलं. निघायच्या दिवशी मी तिची वेणी घालत होते. हे बाहेर ओजसला गाडीच्या चाकांतली हवा बघायला सांगत होते, अगदी नेहमीच्या आवाजात.

"आजी, तू मला नको म्हणालीस?"

माझा हात थांबला. "तू नको असं नाही म्हटलं. राहू नको, असं म्हटलं."

"का?"

"आबांना बरं नाही, बाळा. त्यांच्याकडे बघायला हवं. तुझ्याकडे बघायचं राहून जाईल."

"मग मी पण त्यांच्याकडे बघितलं असतं ना." तिनं मान वळवली, केस माझ्या हातातून सुटले. "तुम्ही सगळ्यांनी सगळ्यांना विचारलं. मला कुणी विचारलंच नाही."

मी पुन्हा तीन पेड केले आणि वेणी घालायला लागले. खरंच, तिला कुणी विचारलं नव्हतं. विचारायला हवं होतं का? आणि विचारलं असतं तर मी तिचं ऐकलं असतं का? बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. मी रिबीन बांधली, आणि ती नीट बसली नाही म्हणून पुन्हा सोडली.